मुठीतला स्वार

चेन्नईत, कूवम नदीने वेढलेल्या आयलंड मैदानापाशी, सर थॉमस मन्रो याचा अश्वारूढ पुतळा १८३९ पासून उभा आहे. मद्रास इलाख्याचा हा गव्हर्नर मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १८१८ च्या मे महिन्यात सोलापूरच्या किल्ल्यासमोर दुसऱ्या बाजीरावाच्या पायदळाचा मोड त्यानेच केला होता. पुतळा फ्रान्सिस चॅन्ट्री या शिल्पकाराचा आहे. घोडा जिवंत वाटावा असा, स्वाराची बैठक निश्चल. परंतु घोड्याच्या पाठीवर ना खोगीर, ना रिकीब. शिल्पकार रिकिबी घडवायला विसरला, अशी कथा या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी नव्हे. याच चॅन्ट्रीने लंडनसाठी घडविलेले चौथा जॉर्ज आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन हेही असेच बिनखोगिराचे आणि बिनरिकिबीचे आहेत. प्राचीन शिल्पाच्या आदर्शाला स्मरून त्याने ते तसे केले. तरीही कथा टिकून आहे, आणि तिच्या टिकण्यामागे लोकांची एक रास्त अपेक्षा आहे. घोड्यावरचा लढवय्या दाखवायचा असेल तर त्याचा पाय कशावर टेकला होता हे सांगितले पाहिजे, अशी ती अपेक्षा.

ही अपेक्षा पराकोटीला नेणारा एक छंद आहे. नेपोलियनच्या काळातील घोडदळ इंचभर उंचीच्या धातूच्या वा प्लास्टिकच्या आकृत्यांतून उभे करायचे, प्रत्येक स्वार आपल्या हाताने रंगवायचा, आणि टेकड्या, ओढे, गावे मांडलेल्या टेबलावर फाशांच्या व नियमपुस्तकाच्या साहाय्याने एखादी जुनी लढाई पुन्हा खेळायची, असे त्याचे स्वरूप. इंग्लंड-फ्रान्सकडे या छंदाची परंपरा मोठी आहे. सुविद्य, प्रौढ माणसे त्यात आयुष्याची वर्षे घालवतात. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. त्यातले काम जवळून पाहिले म्हणजे मात्र हसू आवरते. आकृतीवर राहिलेली साच्याच्या सांध्याची रेघ कानशीने घासून काढायची, अस्तराचा रंग द्यायचा, मूळ रंग भरून झाल्यावर वरून पातळ केलेला गडद रंग सोडायचा, म्हणजे तो डगल्याच्या घड्यांत उतरून सावल्या आपोआप पडतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवटे उजळायचे. घोडे सगळे एका रंगाचे चालत नाहीत. एक कुमैत, एक मुश्की, एक अबलख, एखादा पंचकल्याणी. कर्णेवाला बहुधा पांढऱ्या घोड्यावर, आणि फ्रेंच पलटणींत त्याच्या डगल्याचे रंग इतरांच्या उलट. कारण धुराच्या लोटात सेनानायकाला आपला कर्णेवाला चटकन ओळखू आला पाहिजे. रंगवणाऱ्याला ही कारणे ठाऊक असतात. त्याचे पोषाखी सौंदर्य हे अशा रीतीने लढाईच्या गरजांशी बांधलेले असते.

बाजारात प्रत्येक पलटणीचा स्वार मिळतोच असे नाही. मग जवळात जवळची आकृती घेऊन तिचे डोके बारीक करवतीने उतरवायचे, दुसरे बसवायचे, सुईएवढ्या तारेने ते धडाशी सांधायचे, पुट्टीने डगल्याचा घोळ वाढवायचा किंवा दाढी घडवायची. या क्रियेला रूपांतर असेच म्हणता येईल. फ्रेंच हुसार घ्यावा, त्याची उंच टोपी उतरवावी, त्या जागी फेटा बसवावा, आणि कंपनी सरकारच्या मद्रास घोडदळाचा देशी स्वार तयार व्हावा. हे काम अर्ध्या तासाचे असते. त्याचा अर्थ मात्र तेवढ्या वेळात लागत नाही, आणि त्याकडे पुढे यावे लागेल.

प्रश्न असा आहे. ज्या प्रसंगात खरी माणसे आणि खरे घोडे तडफडून मेले, तो प्रसंग इतक्या प्रेमाने आणि इतक्या नेटकेपणाने खेळण्यात मांडणे, याची नैतिक बाजू काय? ‘खेळच तो’ हे उत्तर पुरेसे नाही. द्यूतही खेळच होता, आणि त्याचा शेवट कोठे झाला हे सांगण्याची गरज नाही. उलट, ‘युद्ध वाईट म्हणून युद्धाचा खेळ वाईट’ हे उत्तर तर्काच्या दृष्टीने आणखी लंगडे आहे. त्या न्यायाने शोकांतिका लिहिणाराही शोकाचा पुरस्कर्ता ठरेल.

आपल्या परंपरेत या प्रश्नाशी फार जुनी गाठ पडलेली आहे. युद्ध, मृत्यू, राज्यभ्रंश, नगराला पडलेला वेढा या गोष्टी नाटकाच्या अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. या दंडकाचे स्पष्टीकरण सामान्यतः औचित्याच्या किंवा रंगमंचीय सोयीच्या आधारे दिले जाते. त्यात याहून खोल काही असावे. जे प्रत्यक्ष दाखवले जाते ते आस्वाद्य होते, आणि आस्वाद्य झाले की त्याच्याविषयीची घृणा मावळते. भरताच्या रसव्यवस्थेत वीराबरोबर रौद्र, भयानक आणि बीभत्स हेही रस आहेत. रणभूमीचे काव्य करायचे तर या चौघांना एकत्र नांदवावे लागते. इंचभराच्या स्वाराची अडचण येथेच आहे. त्याला वीर रस साधतो, बाकीचे साधत नाहीत. डगल्यावर रक्ताचा डाग रंगवता येतो, मेलेला घोडा आडवा पाडून चिकटवता येतो, हौशी माणसे तसे करतातही. परंतु लहानपणा स्वतःच बीभत्साला मारक आहे. जी वस्तू मुठीत मावते तिची भीती वाटत नाही. घरातली भातुकली पाहावी. तिच्यात चूल आहे, तवा आहे, रवी आहे, पाटावरवंटा आहे. फक्त भूक नाही. टेबलावरच्या लढाईत त्याच रीतीने सर्व काही असते आणि वेदना नसते.

त्यातला हिशोबही पाहण्यासारखा आहे. बऱ्याच नियमपुस्तकांत एक आकृती म्हणजे सुमारे वीस सैनिक असे प्रमाण धरतात. फाशाचे दान पडले, हानी झाली, की ती आकृती टेबलावरून उचलून पेटीत ठेवतात. पुढच्या रविवारी ती पुन्हा रांगेत उभी असते. तंजावरची ती बुडाशी जड असलेली बाहुली कितीही ढकलली तरी उठून बसते, तसे. उचललेल्या आकृतीबरोबर वीस माणसे उचलली गेली, त्या विसांना एकच चेहरा होता आणि तोही एकाच ब्रशाच्या टोकाने काढलेला, हे उचलणाऱ्याच्या मनात येते की नाही यावर या छंदाचा निवाडा बराचसा अवलंबून आहे.

बुद्धिबळाने हा पेच फार पूर्वी आणि फार चतुराईने सोडवला. चतुरंग म्हणजे हत्ती, रथ, घोडा आणि पायदळ. ही सेनाच होती. तिचा खेळ होताना एकेक करून सर्व तपशील गळाले. आज पटावरच्या घोड्याला स्वार नाही, रिकिबीचा तर प्रश्नच नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मामल्लपुरम येथे बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले तेव्हा चेन्नईचा नेपियर पूल पटासारखा काळा-पांढरा रंगवण्यात आला होता, आणि वेष्टी-सदरा घातलेला ‘तंबी’ नावाचा हसरा घोडा शहरभर हात जोडून उभा होता. घोडदळाचे इतके निरुपद्रवी रूप दुसरे सापडणार नाही. कोणी त्यात हिंसा पाहिली नाही, आणि ते योग्यच झाले. कारण बुद्धिबळाने कोणत्याही खऱ्या लढाईविषयी काही सांगण्याचा हक्क कधीच सोडून दिलेला आहे. नेपोलियनकालीन स्वार रंगवणारा हा हक्क सोडायला तयार नाही. चतुरंगाने शतकानुशतके जे टाकले ते तो एकेक करून परत उचलतो: बटणे, पट्टे, झालरी, घोड्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका.

हा परतीचा प्रवास जर्मनीत सुरू झाला. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेल्विगने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात भूप्रदेश आणि तोफा आणल्या. पुढे राइसवित्झ पितापुत्रांनी चौकटी टाकून खरा नकाशा घेतला. धाकट्याने १८२४ मध्ये आपला खेळ प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा सेनापती म्युफलिंगने हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हाच खेळ पुन्हा घरातल्या जमिनीवर आणला. शिशाचे शिपाई, लाकडी ठोकळ्यांची घरे आणि लाकडी गोळी मारणारी स्प्रिंगची तोफ एवढी त्याची सामग्री. वेल्सची भूमिका शांततावाद्याची होती. ज्याने लहान युद्ध खेळून पाहिले त्याला थोरले युद्ध किती गोंधळाचे आणि किती मूर्खपणाचे असते हे आपोआप कळेल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच युरोप महायुद्धात उतरला. यावरून वेल्सची चेष्टा करण्याची पद्धत आहे. ती अनुदार आहे. एका पुस्तकाने युद्ध थांबावे अशी अपेक्षा कोणत्याच महाकाव्याकडून कोणी केलेली नाही.

वेल्सच्या युक्तिवादातला खरा कच्चा दुवा निराळा आहे. खेळण्यातून युद्धाचा गोंधळ कळेल; त्यातला माणूस कसा कळेल? या प्रश्नाला छंदातूनच एक उत्तर मिळते, आणि ते वेल्सला सुचलेले दिसत नाही. लढाई मांडायची तर दोन्ही फौजा लागतात. दोन्ही रंगवाव्या लागतात. ज्या भिंगातून, ज्या ब्रशाने, ज्या सहनशीलतेने आपला स्वार रंगवला त्याच सहनशीलतेने समोरचाही रंगवावा लागतो. त्याच्याही गणवेशाचे पुरावे शोधावे लागतात, त्याच्याही घोड्याला नाव नसले तरी वेगळा रंग द्यावा लागतो. ही सक्ती सामान्य नाही. महाराष्ट्रातल्या मुलांचा दिवाळीतला किल्ला घ्यावा. मातीचा चढ, हळिवाचे हिरवे रान, वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, बुरुजावर तोफा. या रचनेत सगळे काही असते; शत्रू बहुधा नसतो. चेन्नईत नवरात्रात घरोघर कोलू मांडतात, तंजावरहून आलेली मराठी कुटुंबेही मांडतात. मैलापूरच्या उत्तर माडा रस्त्यावर त्यासाठी बाहुल्यांचे संच विकायला येतात. देवदेवता, लग्नाची वरात, वाण्याचे दुकान, क्रिकेटचा संघ, कधी लष्करी बँड. हे सर्व एका मंगल व्यवस्थेतले, पायरीपायरीने चढत देवापर्यंत जाणारे जग आहे आणि त्यात वैऱ्याला पायरी नाही. किल्ला आणि कोलू यांच्यावर हा आक्षेप नाही. उत्सवाला शत्रूची गरजच नसते. पण त्यामुळे, ज्या खेळात वैऱ्याला समान जागा द्यावीच लागते त्याचे वेगळेपण नजरेत भरते.

हे वेगळेपण तपासून पाहायला मराठी वाचकाला वॉटर्लूपर्यंत जावे लागत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. तो १७९८ मध्ये मद्रासला आला होता, आणि असईला त्याच्याजवळ जी फौज होती तिच्यात मद्रासच्या शिपायांचा मोठा भरणा होता. घोडदळात १९ वी लाइट ड्रॅगून्स ही गोरी पलटण, आणि तिच्या जोडीला मद्रास देशी घोडदळाच्या चौथ्या, पाचव्या आणि सातव्या पलटणी. नेपोलियनच्या काळातील घोडदळ म्हणून जगभरचे छांदिष्ट जे जे रंगवतात त्यात हे स्वारही येतात.

आता समोरची बाजू. शिंद्यांचा खरा भार त्या दिवशी पेलला तो शिलेदारांनी नव्हे, तर हानोव्हरहून आलेल्या पोलमनच्या हाताखालील कवायती कंपूंनी. द बॉयनने महादजींसाठी उभ्या केलेल्या या पलटणींना कंपनीच्या शिपायांसारखेच लाल डगले होते, आणि मराठी-हिंदुस्थानी बोलीत त्यांना तेलंगे म्हणत. कारण कवायती शिपाई म्हणजे दक्षिणेतला, तेलुगू मुलुखातला, अशी जुनी समजूत त्या शब्दात गोठून राहिली होती. म्हणजे असईच्या मैदानावर लाल डगला लाल डगल्यावर चालून गेला. एका बाजूच्या आकृतीवरून दुसऱ्या बाजूची आकृती करायला करवत जेमतेम लागते. फेट्याचा रंग आणि कातडी पट्टे बदलले की काम झाले. शत्रू आणि मित्र यांच्यात किती अंतर असते, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे ते अंतर ब्रशाच्या चार-सहा फटकाऱ्यांत मोजता येते, आणि मोजणाऱ्याला ते टाळता येत नाही, कारण दोन्ही आकृत्या त्याच्याच हातात असतात.

मात्र समानतेच्या या दाव्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती रंगवणाऱ्याच्या हातची नाही. असईत इंग्रजी बाजूचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता झाले, एकूण १,५८४. विसास एक या प्रमाणाने टेबलावरून सुमारे ऐंशी आकृत्या उचलाव्या लागतील. मराठी बाजूचा आकडा कोणी असा एकेक माणूस मोजून लिहिला नाही; रणांगणावर बाराशेच्या आसपास प्रेते पडली होती असा विजेत्यांचाच अंदाज आहे. ज्या सत्तेकडे कारकून आणि कागद होते तिचे मेलेले शिपाई मोजले गेले, तिच्या पलटणींच्या कॉलरांचे रंग नोंदले गेले. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचा पोषाख घेऊन चाकरीला येई. त्याचा गणवेश नव्हताच. घोडा मेला तर त्याची रोजी बुडे, ही गोष्ट त्याच्या लढण्याच्या पद्धतीत उतरलेली होती, आणि ज्या इतिहासकारांनी त्याला कच खाणारा म्हटले त्यांनी हा हिशोब क्वचितच मांडला. रंगवणाऱ्याला ड्रॅगूनसाठी तक्ता मिळतो, शिलेदारासाठी कल्पना करावी लागते. प्रामाणिक माणूस ती जपून करतो. अप्रामाणिक माणूस भडक रंग ओततो, आणि पौर्वात्य बेशिस्तीचे एक जुने चित्र पुन्हा एकदा छापले जाते.

असईच्याच लढाईतली एक घटना कोणत्याही नियमपुस्तकाला पचणारी नाही. इंग्रज पायदळ तोफांच्या रांगेवरून पुढे निघून गेल्यावर मराठी गोलंदाजांपैकी काही जण, जे मेलेले म्हणून मागे पडले होते, ते उठले, तोफा फिरवल्या आणि पाठमोऱ्या फौजेवर पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीला मागे वळून, सातव्या देशी घोडदळासह, त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. खेळात उचललेली आकृती पेटीत जाते. येथे ती पेटीतून उठून आली. त्या गोलंदाजांना विजेत्यांच्या वृत्तांतांत कधी धूर्त, कधी शूर म्हटले आहे. त्यांची नावे त्या वृत्तांतांत नाहीत.

लहान आकृत्यांच्या खरेपणावर मोठ्यांचे दडपण येते, याचे प्रसिद्ध उदाहरण वॉटर्लूचेच आहे. कॅप्टन विल्यम सायबर्न याने १८३० पासून त्या रणभूमीवर आठ महिने राहून मोजणी केली, हयात अधिकाऱ्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, आणि १८३८ मध्ये सत्तर हजारांहून अधिक चिमुकल्या आकृत्यांची प्रतिकृती लंडनमध्ये प्रदर्शनात मांडली. ती आज तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास प्रशियाची फौज कोठवर आली होती, हे सायबर्नने पुराव्यांनुसार दाखवले होते. त्यामुळे विजयाचे श्रेय वाटले जात होते, आणि वेलिंग्टनला ते रुचले नाही. शेवटी सायबर्नने प्रशियाच्या आकृत्यांची संख्या घटवली. बोटाच्या पेराहून लहान असे ते शिपाई; त्यांच्या असण्या-नसण्याने एका साम्राज्याचा नायक अस्वस्थ व्हावा, हे या विषयाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मद्रासच्या दक्षिणेला याचा एक मराठी प्रतिध्वनी उभा आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपवला होता. ज्या १८०३ साली असई झाली त्याच साली बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवला. आणि १८१४-१५ मध्ये, नेपोलियनच्या पाडावाच्या आणि इंग्रजांच्या जयाच्या स्मरणार्थ, पट्टुकोट्टैजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर षट्कोनी, आठ मजली ‘मनोरा’ बांधला. ज्याला स्वतःची लढाऊ फौज उरली नव्हती अशा विद्वान राजाने परक्या घोडदळाच्या जयाचा स्तंभ उभारावा, याला दास्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ग्रंथ, वैद्यक, संगीत यांत त्याने जे केले ते पाहता तेवढ्याने भागत नाही. हाही एक प्रकारे दुसऱ्याच्या युद्धाचा, आपल्या अंगणात मांडलेला पट होता. त्यावर त्याच्या स्वतःच्या रंगाची एकही सोंगटी नव्हती.

परंतु या सर्व विचाराची खरी कसोटी असईला लागत नाही आणि वॉटर्लूलाही लागत नाही. ती चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवर, वेल्लोरच्या किल्ल्यात लागते. १८०५ च्या नोव्हेंबरात मद्रास फौजेचा सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक याने शिपायांच्या पोषाखात बदल करण्याचा हुकूम काढला. नवी पगडी हॅटसारखी दिसणारी, कातडी तुऱ्याची. कपाळावर गंध वा भस्म नको, कानात बाळ्या नकोत, दाढी नको, मिशा ठराविक मापाच्या. गव्हर्नर बेंटिंकची त्याला संमती होती. हुकूम काढणाऱ्यांच्या दृष्टीने ही केवळ नेटकेपणाची बाब होती. रांग एकसारखी दिसावी, एवढेच. १८०६ च्या मे महिन्यात ज्यांनी पगडी नाकारली त्यांची सेंट जॉर्ज किल्ल्यात चौकशी झाली आणि दोघांना, एक हिंदू व एक मुसलमान, फटके मारून बडतर्फ करण्यात आले. १० जुलैच्या पहाटे वेल्लोरचे शिपाई उठले. गोऱ्या ६९ व्या पलटणीचे शंभरावर लोक मारले गेले. पंचवीस किलोमीटरवरच्या अर्काटहून कर्नल गिलेस्पी दौडत आला. त्याच्याबरोबर १९ वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासचे देशी घोडदळ होते. त्या दिवशी शेकडो शिपाई मारले गेले. सुमारे शंभर जणांना राजवाड्यातून ओढून आणून, भिंतीपाशी उभे करून, गोळ्या घालण्यात आल्या.

असईच्या टेबलावर जो ड्रॅगून वीर आहे तोच, तीन वर्षांनी, तोच डगला घालून, वेल्लोरच्या दरवाजातून आत येतो. त्याच्या बाजूने दौडणारा मद्रासचा देशी स्वार असईत ज्यांच्याबरोबर लढला त्यांच्याच जातकुळीच्या शिपायांवर तलवार चालवतो. आकृती बदलावी लागत नाही, रंग बदलावा लागत नाही. वीर रसाचा जो एकमेव आधार या खेळण्याला होता तो येथे कोसळतो, आणि कौशल्याने तो सावरता येत नाही. म्हणून वेल्लोर टेबलावर मांडूच नये, असे कोणी म्हणेल. भरताचा दंडक त्याच्या बाजूला आहे. पण असई मांडायची आणि वेल्लोर झाकायचे, ही निवड ज्याला करता येते त्याच्या अचूकतेच्या आग्रहाला मग फारसा अर्थ राहत नाही. बटणांची संख्या मोजणाऱ्याने गंधाचा प्रश्न टाळू नये.

आणि गंधाचा प्रश्न अगदी हाताशी येणारा आहे. इंचभराच्या शिपायाचे डोके चार मिलिमीटरांच्या आतबाहेर असते. त्यावरचे कपाळ म्हणजे ब्रशाच्या टोकाचा एक स्पर्श. नोव्हेंबर १८०५ पूर्वीचा शिपाई असेल तर तेथे गंध हवे. हुकमानंतरचा, कवायतीतला असेल तर नको. १० जुलैच्या पहाटेचा असेल तर काय हवे, हे कोणत्याही गणवेशाच्या तक्त्यात दिलेले नाही. ती पगडी फार दिवस राहिली नाही. बंडानंतर हुकूम मागे घेण्यात आला, आणि १८०७ मध्ये बेंटिंक व क्रॅडॉक दोघेही परत बोलावले गेले. म्हणजे त्या पगडीचा शिपाई हा थोड्याच महिन्यांचा शिपाई आहे. तो करायचा तर जुन्या शिपायाचे फेटा बांधलेले डोके करवतीने उतरवून त्या जागी नवे बसवावे लागते, दाढी असल्यास कानशीने काढावी लागते, मिशा मापात आणाव्या लागतात. हुकमाने जे केले तेच, त्याच क्रमाने, रंगवणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी करावे लागते. मग अस्तराचा रंग वाळायला ठेवायचा. कपाळ कोरे सोडायचे, की गंध रेखून ते पुसल्यासारखे दाखवायचे, हे तो वाळेपर्यंत ठरवायचे असते.